पिल्लू लहान आहे तोवरच

भाताची कापणी आटोपली, मळणी सुरू झाली, की आपल्या गावांतून कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. पावसाळ्याच्या अखेरीस माजावर आलेली कुत्री सुमारे ६३ दिवसांनी व्याते, त्यामुळे नाताळच्या आसपास खळ्यावर पेंढ्याच्या आडोशाला चार-सहा पिल्ले वळवळताना आढळतात. मुले त्यांतले एक सदऱ्यात घालून घरी आणतात. आई जरा कुरकुरते, वडील म्हणतात, "असू दे, राखणीला होईल." आणि दुसऱ्याच दिवशी ते पिल्लू गोठ्याच्या खांबाला बांधले जाते.

लहानपणापासून बांधले, परक्या माणसांपासून दूर ठेवले, म्हणजे कुत्रा तिखट होतो असा आपल्याकडे समज आहे. आमच्या घरीही तो होता. जेमतेम पाच आठवड्यांचे पिल्लू आणून आम्ही बांधले. ते मोठे झाले, खूप भुंकू लागले, आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटू लागला. एका रविवारी साखळी तुटली. धर्मशिक्षणाच्या वर्गाहून परतणाऱ्या शेजारच्या मुलीच्या हाताचा त्याने चावा घेतला. तिने त्याला दगड मारला नव्हता की डिवचलेही नव्हते. ती फक्त धावत होती. त्या कुत्र्याने धावणारे मूल कधी जवळून पाहिलेच नव्हते. दोष आमचा होता.

राखण करणारा कुत्रा आणि भेदरलेला कुत्रा यांत फरक आहे. राखणदार कुत्रा ओळखीचे कोण आणि अनोळखी कोण हे जाणतो, भुंकून सूचना देतो, आणि धन्याने हाक मारताच थांबतो. भेदरलेल्याला सगळेच शत्रू वाटतात. हा फरक पिल्लाच्या पहिल्या तीन महिन्यांत पडतो. १९६१ साली अमेरिकेत मेन राज्यातील एका प्रयोगशाळेने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. उंच कुंपण घातलेल्या रानात पिल्लांना आईबरोबर वाढवले. अन्नपाणी दिले, पण माणसाचा सहवास दिला नाही. काही पिल्लांना निरनिराळ्या वयात एकेक आठवडा माणसांत आणले, तर काहींना १४ आठवडे पुरे होईपर्यंत आणलेच नाही. सातव्या आठवड्याच्या सुमारास माणसांत आलेली पिल्ले चटकन माणसाळली. १४ आठवडे रानात राहिलेली मात्र पुढे पुष्कळ खटपट करूनही बुजरीच राहिली. सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला आपले वाटते. पुढे नवे काही स्वीकारणे त्याला जड जाते.

म्हणून दोन गोष्टी सांभाळाव्या. पहिली, आठ आठवडे होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळताना एकाने जोरात चावले की दुसरे केकाटून खेळ सोडून जाते. दात किती लावावेत हे पिल्लू यातूनच शिकते, आणि ही शिकवण आपल्याला पुढे सहजासहजी देता येत नाही. दुसरी, घरी आणल्यावर त्याला कोंडून न ठेवता रोज थोडे जग दाखवावे. म्हातारा माणूस, काठी टेकणारा, टोपी घातलेला, झगा घातलेले फादर, रांगणारे बाळ, सायकल, पाण्याचा पंप, बैल, शेळी, डालग्याखालची कोंबडी हे सारे त्याने शांतपणे पाहावे. ट्रॅक्टर सुरू होताना पिल्लाला अगदी जवळ धरू नये. लांब उभे राहून भाकरीचा तुकडा द्यावा आणि अंतर दिवसादिवसाने कमी करावे. सणाच्या फटाक्यांचेही तसेच. घाबरलेल्या पिल्लाला ओढत पुढे नेले, तर भीती कायमची बसते.

लस पुरी होण्याआधी त्याला बाजारात किंवा गावकुत्री जमतात तेथे जमिनीवर सोडू नये, कडेवर न्यावे. पार्व्हो नावाच्या रोगाने रक्ताची हगवण लागून पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावतात. त्याचे विष मातीत महिनोन्‌महिने टिकते. यावरची लस साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करून चार महिन्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर टोचावी, नंतर दरवर्षी. जागतिक रेबीज दिन २८ सप्टेंबरला असतो. त्या सुमारास पुष्कळ सरकारी पशुदवाखान्यांत ही लस मोफत मिळते.

पिल्लाला जंताचे औषध पशुवैद्याला विचारून वेळच्या वेळी द्यावे, कारण हे जंत मुलांच्याही पोटात जातात. सणासुदीला बकरे कापले की आतडी, फुप्फुस, काळीज कुत्र्यापुढे टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडावी. कच्च्या अवयवांतून कुत्र्याला एक बारीक पट्टकृमी लागतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात व फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात, आणि पुष्कळदा त्या शस्त्रक्रियेनेच काढाव्या लागतात.

खाणे तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडे थोडे, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग दोनदा. नुसत्या ताक-भाकरीवर पिल्लू पोसत नाही. उकडलेले अंडे, काटे काढलेली मासळी किंवा शिजवलेले मांस मधूनमधून हवे. शिजवलेली कोंबडीची हाडे आणि कांदा देऊ नये. ते खात असताना ताटली ओढून घेऊन चिडवण्याची पोरांना सवय असते. त्यापेक्षा ताटलीत आणखी एक चांगला तुकडा टाकावा. मग माणूस जवळ आला की त्याला आनंद होईल. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्ले पाजणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हे घरातल्या मुलांना आधी शिकवावे.

घरात घाण केली म्हणून त्यात नाक घासणे किंवा काठीने मारणे व्यर्थ आहे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला रोज त्याच जागी न्यावे. काम झाले की शाबासकी द्यावी. खेळताना चावले तर खेळ थांबवून उठून जावे. मार खाल्लेला कुत्रा हाताला भितो, आणि भीतीनेच एखाद्या दिवशी हाताला चावतो.

सीमाभागात काही जण मुधोळ जातीचा कुत्रा हौसेने आणतात. २००५ साली त्याचे टपाल तिकीटही निघाले. प्राणी देखणा खरा, पण तो नजरेने सावज हेरून धावण्यासाठी घडलेला आहे. दिवसभर खांबाला बांधून ठेवण्याजोगा तो नव्हे. माझ्या मते भातशेतीच्या घराला गावठी कुत्र्यासारखा दुसरा नाही. पवित्र शास्त्रातील तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबिया देवदूताबरोबर प्रवासाला निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही मागोमाग चालतो. तो कोणत्या जातीचा होता हे काही लिहिलेले नाही!

एवढे करूनही कुणाचा कुत्रा कुणाला चावला, तर जखमेवर चुना, तिखट, हळद काही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. पोटातल्या चौदा सुयांच्या धास्तीने आजही काही जण टाळाटाळ करतात. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता थोड्याच सुया, त्याही दंडात. जखम खोल असेल तर तिच्यात वेगळे औषधही टोचतात, ते जरूर मागावे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण लस घेण्यासाठी ते दहा दिवस थांबू नये.

त्या रविवारी शेजारच्या मुलीला आम्ही अशीच मोटरसायकलवर घालून नेली. ती बरी झाली. आता आमच्याकडे दुसरे पिल्लू आहे, नऊ आठवड्यांचे. ती फाटकापाशी येऊन त्याला बिस्किट टाकते, अजून आत येत नाही. आम्हीही तिला आग्रह करत नाही.