चिनावलचा गोठा आणि हिस्सारची कुपी

4 ऑगस्ट 2022 रोजी जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलमध्ये गुरांना लम्पी या त्वचारोगाची लागण उघड झाली. त्या वर्षीच्या साथीतली राज्यातली ती पहिली नोंद. सहाच दिवसांनी, 10 ऑगस्टला, केंद्रीय कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी लम्पीवरची पहिली देशी लस जाहीर केली : ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’. रोग आणि लस एकाच आठवड्यात दाराशी आले म्हणायचे! पण जळगाव-धुळ्याच्या गाईबैलांना त्या पावसाळ्यात टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस.

जाहीर झालेली लस खोटी नव्हती. 2019 साली ओडिशात लम्पी देशात प्रथम दिसला. त्याच वर्षी रांचीच्या आजारी गुरांमधून मिळालेला विषाणू हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात वाढवला गेला. इज्जतनगरची पशुवैद्यक संशोधन संस्था सोबतीला होती. माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पेशींवर त्याची एकामागून एक पन्नास आवर्तने झाली. प्रयोगशाळेतल्या आयत्या संसारात विषाणूला जनावराच्या प्रतिकारशक्तीशी झुंजावे लागत नाही, म्हणून झुंजायची हत्यारे तो हळूहळू टाकून देतो. जिवंत राहतो, पण मवाळ होतो. काम संथ आहे आणि घाईने होत नाही.

मग वासरांवरची चाचणी. लस द्यायची, काही आठवडे थांबायचे आणि मूळचा जहाल विषाणू मुद्दाम टोचायचा. लस न दिलेल्या वासरांच्या अंगावर गाठी उठतात, दिलेली तरतात. माणसांच्या लशीत असा थेट सामना सहसा करता येत नाही. हजारो स्वयंसेवकांना लस किंवा नुसते द्रावण देऊन, नैसर्गिक लागण कोणाला होते याची वाट पाहावी लागते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने दिलेल्या विषाणूवर बेतलेल्या कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात 25,800 जण होते, आणि तो संपण्याआधीच, जानेवारी 2021 मध्ये, तिला आणीबाणीची परवानगी मिळाली. गुरांच्या बाबतीत अशी घाई कोणाला सुटली नाही.

शेळीची लस गाईला कशी चालते, हा प्रश्न त्या दिवसांत पारावर हमखास निघे. शेळी आणि मेंढीच्या देवीचे विषाणू आणि लम्पी हे तिघे सख्खे भाऊबंद; एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही बरीच आवरते. बरीच, पूर्ण नव्हे. तरीही तो निर्णय शहाणपणाचाच होता, कारण हाताशी तीच होती. बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघातली निरोगी जनावरे आधी, मग सगळी. राज्यात गाईबैलच सुमारे 1 कोटी 40 लाख. पोळ्याच्या तोंडावर हे सुरू झाले. गुरांचे बाजार बंद, बैल सजवून मिरवायची सोय नाही. एकीकडे विड्याची पाने, मिरी, मीठ आणि गुळाचे चाटण, दुसरीकडे थर्मासमध्ये बर्फात ठेवलेली कुपी. दर जनावराला नवी सुई हवी, नाहीतर लस टोचणाराच रोग वाटत फिरायचा. गोचीड, डास आणि चावणाऱ्या माशा ते काम करतच होत्या.

लस अंगात मुरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि रोग काही जनावरांत त्याहून अधिक काळ दडून राहतो. त्यामुळे टोचल्यावर चार दिवसांनी गाठी आल्या की दोष लशीला लागे. शेतकऱ्याला वेडे ठरवायचे कारण नाही. त्याने क्रम पाहिला; खरे कारण त्याला कोणी सांगितले नव्हते. जनावर दगावले तर सरकारी मदत होती : दुभत्या गाईला 30,000, बैलाला 25,000, वासराला 16,000 रुपये. चांगल्या बैलजोडीचा बाजारभाव माहीत असणाऱ्याने या आकड्यांशी ताडून पाहावा.

देशी लशीच्या उत्पादनाचे हक्क पुण्याच्या पशुवैद्यकीय जैविक पदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार नागपुरात झाला तो 29 डिसेंबर 2022 ला. पशुपालकाचे वर्षभराचे नुकसान तोवर होऊन गेले होते. शोध हिस्सारमध्ये लागला होता, अडले ते पुढे : मोठ्या प्रमाणावर उत्पादन, प्रत्येक खेपेची तपासणी, औषध नियंत्रकाचा परवाना. हिस्सारच्याच लशीवर बेतलेल्या ‘बायोलम्पिव्हॅक्सिन’ला हा परवाना मिळाला फेब्रुवारी 2025 मध्ये. बनवणारी बायोवेट ही कोव्हॅक्सिनवाल्या भारत बायोटेकच्या समूहातली. लस घेतलेले जनावर आणि रोग होऊन गेलेले जनावर रक्ततपासणीत वेगळे ओळखता येते, असा तिचा दावा आहे. शेळीच्या लशीत ही सोय नाही. म्हणून 2022 नंतर रावेर किंवा शिरपूरच्या गोठ्यातले रक्त तपासले, तरी त्यातली प्रतिकारशक्ती सुईने दिली की साथीने, हे त्या रक्तावरून सांगता येत नाही.