‘कंबर दुखतेय’ म्हणजे नक्की कुठे?

मागचे दोन भाग ऐकून बऱ्याच जणांनी विचारलं, "रविवारचं धावणं बंद केलंस का रे?" हो, सात आठवडे बंद होतं. आजचा भाग त्यावरच. एक आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. त्यामुळे हे ऐकून स्वतःवर उपचार करू नका. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय सांगायचं, एवढं नक्की कळेल.

माझा रविवारचा रस्ता ठरलेला. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत थेट चौक. शेवटी टेकडीचा चढ आणि वर धारावी किल्ल्याचे अवशेष. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेने घेतलेला हा किल्ला. तिथून खाडीपलीकडे वसई दिसते. मला डिसेंबरात तिकडेच जायचं होतं, वसई-विरारला, आयुष्यातली पहिली अर्धी मॅरेथॉन धावायला. २१.१ किलोमीटर. ऑफिसात सगळ्यांना सांगूनही झालं होतं.

म्हणून मी काय केलं? आठवड्याला २२ किलोमीटर धावायचो, ते तीन आठवड्यांत ३८ वर नेलं. वर चौकचा चढ दोनदा. तिसऱ्या आठवड्यात डावीकडे दुखायला लागलं.

आईला म्हटलं, "कंबर दुखतेय." तिने पाठीला बाम चोळला. मित्राला तेच सांगितलं, त्याने स्ट्रेचिंगचा व्हिडिओ पाठवला. तीन आठवडे मी तो पाय रोज दुसऱ्या बाजूला ओढून ताणत होतो. दुखणं वाढतच गेलं.

गडबड शब्दातच होती. आपण मराठीत बरगडीखालपासून मांडीपर्यंत सगळ्याला ‘कंबर’ म्हणतो. फिजिओथेरपिस्टने पहिलाच प्रश्न विचारला, "एका बोटाने दाखवा." मी बोट ठेवलं खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, पँटच्या खिशाखाली जे टणक हाड लागतं, त्यावर. दुसरा प्रश्न, "केव्हा दुखतं?" डाव्या कुशीवर झोपल्यावर, जिना चढताना, एका पायावर उभं राहून पँट घालताना.

या दोन उत्तरांवरून त्यांना अंदाज आला आणि तपासणीत तो पक्का झाला. कुल्ल्याचे जे स्नायू चालताना कंबरेचं हाड सरळ धरतात, त्यांचे कंडरे याच टणक हाडाला चिकटलेले असतात. भार एकदम वाढला की ते कुरकुरायला लागतात. गुडघा मधल्या रेषेच्या पलीकडे गेला की तेच कंडरे हाडावर दाबले जातात. म्हणजे माझं स्ट्रेचिंग औषध नव्हतंच, रोज दुखऱ्या जागेवर अंगठा दाबण्यासारखं होतं ते! पूर्वी अशा दुखण्याला सरसकट ‘तिथली पिशवी सुजली’ म्हणायचे. आता बहुतेकदा मूळ कंडऱ्यात असतं असं मानतात.

मग इंजेक्शनचा विषय निघाला. शर्यत तोंडावर होती, मोह झालाच. पण २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग वाचला. २०४ रुग्ण, वय ३५ ते ७०, तीन गट. आठ आठवड्यांनी ‘बरं वाटतंय’ म्हणणारे व्यायाम आणि सवयी बदलणाऱ्या गटात सुमारे ७७ टक्के, स्टेरॉइड इंजेक्शनच्या गटात ५८, नुसती वाट बघणाऱ्यांत २९. ते काही माझ्या वयाचे धावपटू नव्हते, पण दिशा कळली.

सवयी म्हणजे काय, तर अगदी साध्या गोष्टी. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. पायावर पाय टाकून बसायचं नाही. लोकलमध्ये दाराशी एका पायावर भार देऊन रेलायचं नाही, आणि चौथ्या सीटवर अर्ध्या कुल्ल्यावर लटकायचं तर नाहीच. उभं राहिलेलं परवडलं!

व्यायामही साधेच. पाठीवर झोपून कंबर उचलणं, खुर्चीतून हळू उठणं-बसणं, मग रबरी पट्टा लावून आडवी पावलं, शेवटी एका पायावर. नियम एकच: दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी वाढलं तर एक पायरी मागे. मी रोजचा आकडा एक्सेलमध्ये लिहायचो. बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, तसंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोट पुढे, जांघेत जात असेल, तर माझी गोष्ट तुमच्यासाठी नाही. जांघेत खोल दुखतंय, पायावर भार दिला की वाढतंय, लंगडायला होतंय, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना गाठा. मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीला तो एक्स-रेत दिसेलच असं नाही, एमआरआय लागतो. त्यावर धावत राहिलात तर हाड सरकून ऑपरेशनची वेळ येऊ शकते. ‘थोडं सहन करू’ ही आपली शाबासकीची सवय इथे महागात पडते.

डिसेंबरात मी धावलो नाही. नंबर घरीच राहिला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. जानेवारीत दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल, असं सुरू केलं. पावलं थोडी छोटी, जरा जलद. आणि रस्ता कडेला उतरता असतो, म्हणून नेहमी एकाच कडेने धावायचं सोडलं. त्यामुळेच दुखलं असं छातीठोक सांगणार नाही, पण सपाट जागा मिळाली की बरं वाटतं.

परवाच्या रविवारी चौकला पोचलो. शेवटचा चढ चालत चढलो, मुद्दाम. रात्री एक्सेलमध्ये आकडा लिहिला: एक.

तुमचं काही दुखत असेल, तर आज एवढंच करा. एका बोटाने जागा दाखवा, आणि केव्हा दुखतं ते कागदावर लिहा. तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा. भेटू पुढच्या भागात!