आधी बूट, मग जॅकेट

बर्फावरून स्कीवर घसरायला शिकायचं, असं मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ठरवलं. गुलमर्गच्या प्राथमिक वर्गात नाव घातलं आणि त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन जॅकेट घेतलं. चांगलं लालभडक, गुबगुबीत. पुण्याच्या नोव्हेंबरात आरशासमोर ते घालून उभी राहिले तेव्हा घाम फुटला, आणि वाटलं, चला, तयारी झाली! बुटांचा विचारच केला नाही. बूट काय, तिथे भाड्याने मिळतात.

तिथे ते मिळाले. दुकानदाराने माझ्या पायाकडे एक नजर टाकून एक जोडी पुढे केली. पायात गेली, जरा ढगळ होती, म्हणून मी दोन जोड्या मोजे चढवले. स्की हातात दिल्या. माझं वजन कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर न विचारल्याचं मला बरंच वाटलं. चौथ्या दिवशी मी पडले. वेगात नव्हे, जवळजवळ थांबता थांबता. शरीर एका बाजूला वळलं, स्की बर्फात अडकून तशीच राहिली, बुटापासून सुटली नाही. गुडघ्यात आतून काहीतरी तुटल्याचं मला चक्क ऐकू आलं. लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा. पुढचे नऊ महिने जिना चढताना मला ते जॅकेट आठवत असे.

म्हणून आज सामानाबद्दल बोलायचं तर मी उलट्या क्रमाने बोलणार आहे. आपण जे दिसतं ते आधी घेतो: जॅकेट, टोपी, गॉगल. डोंगरावर मात्र जे दिसत नाही तेच आपल्याला सांभाळतं. पायातला बूट, बुटाखालचा खटका आणि अंगाला लागून असलेला कपडा, या क्रमाने.

बुटापासून सुरुवात करू. स्कीचा बूट म्हणजे बाहेरून प्लास्टिकचं कडक कवच आणि आत मऊ अस्तर. आपण गुडघा पुढे दाबला की नडगी बुटाच्या जिभेला दाबते, बूट स्कीला दाबतो आणि स्की वळते. बूट सैल असला की पाय आत वळतो आणि स्की सरळच जाते. घाबरलेला नवशिका मग आणखी जोर लावतो, दमतो आणि पडतो. नवशिक्यांची निम्मी भीती ही ढगळ बुटांची भीती असते, असं माझं मत झालं आहे.

या बुटांचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, आपल्या सहा-सात नंबरांत नाही. घरीच भिंतीला टाच टेकवून उभं राहा, अंगठ्याच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. साडेचोवीस सेंटिमीटर आलं तर तोच तुमचा नंबर. दोन्ही पाय मोजा, कारण ते क्वचितच सारखे असतात. दुकानात आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा, आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. एक ते दोन बोटं मावली तर ठीक. तीन मावली तर बूट परत करा. मग अस्तर घालून बकल लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवल्यावर ती मागे सरून मोकळी झाली पाहिजेत. टाच मात्र उचलता येता कामा नये. दहा मिनिटं तसंच उभं राहा. घाई असते, मागे रांग असते, तरीही राहा.

आणि मोजे? एकच जोडी. पातळ, लोकरीची, गुडघ्याखालपर्यंत येणारी. दोन जोड्यांनी पाय जास्त गरम राहील हा माझा समज अगदी चुकीचा होता. दोन मोजे बुटात दाटतात, रक्त पुढे सरकत नाही, आणि पाय उलट गार पडतो. शिवाय चुण्या पडून फोड येतात ते वेगळंच.

आता तो खटका. त्याला बाइंडिंग म्हणतात. बूट स्कीला धरून ठेवणं हे त्याचं अर्धं काम. वेळ आली की सोडून देणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच महत्त्वाचं. पुढचा भाग बाजूला उघडतो, मागचा भाग वर. पूर्वी ही सोय नव्हती. बूट पट्ट्यांनी स्कीला करकचून बांधलेला असे, आणि पडलं की नडगीचं हाड मोडे. अमेरिकेत स्थायिक झालेले नॉर्वेचे स्कीपटू याल्मार व्हाम यांचा स्वतःचाच पाय असा मोडला, आणि १९३९ मध्ये त्यांनी आपोआप सुटणारं बाइंडिंग तयार केलं. पुढे अशी बाइंडिंग सुधारत गेली आणि नडगी मोडण्याचं प्रमाण खूप घटलं. गुडघ्याचं मात्र तितकं साधलेलं नाही. माझ्या डॉक्टरांनीही मला स्पष्ट सांगितलं, ‘खटका सैल असता तरी गुडघा वाचलाच असता असं नाही, पण घट्ट ठेवून तुम्ही त्याला संधीच दिली नाहीत.’

हा खटका किती जोराने सुटावा याचा एक आकडा असतो. बाइंडिंगवर छोटी खिडकी असते, त्यात तो दिसतो. तो ठरवण्याचा आंतरराष्ट्रीय तक्ता आहे. त्यात वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती सरावलेले आहात, एवढं पाहतात. पन्नाशी गाठली की आकडा एक पायरी खाली आणतात. माझ्यासारख्या साठ किलोच्या नवशिकीचा आकडा साधारण तीन-साडेतीन येतो. धिप्पाड, पटाईत माणसाचा सात-आठही असू शकतो. माझ्याआधी ती स्की कुणी वापरली होती कोण जाणे, पण आकडा त्याचाच राहिला होता. तेव्हा भाड्याची स्की घेताना खिडकीतला आकडा वाचा, तो तुमच्यासाठी लावला का ते विचारा, आणि लावायला जाणकार माणूसच असू द्या. स्वतः स्क्रू पिळू नका. वजन खरं सांगा. तिथे दोन किलो लपवून काहीच मिळत नाही. आणि बुटात पाऊल ठेवून झाल्यावर, स्कीवर चढण्यापूर्वी, तळाला चिकटलेला बर्फ खरवडून टाका. मधे बर्फ राहिला की खटका नीट बसत नाही आणि नीट सुटतही नाही.

स्कीविषयी फार काळजी करू नका. टोकावर उभी केली की हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान येणारी स्की नवशिक्याला पुरते. लांब स्की वेगाला बरी, पण वळायला अवघड. १९९० च्या दशकापासून कमरेत बारीक, टोकांना रुंद अशा स्की आल्या आणि वळणं पुष्कळ सोपी झाली. काठ्यांचं माप असं: काठी उलटी धरून चकतीच्या खाली मूठ ठेवायची, कोपर काटकोनात आलं की उंची बरोबर. हेल्मेट मात्र हवंच. हनुवटीचा पट्टा लावून मान हलवा, हेल्मेट डोक्याबरोबरच हललं पाहिजे.

आता कपडे. गुलमर्गला जाताना वाटेत तंगमर्ग लागतं. तिथे पर्यटकांना लांब कोट आणि गमबूट भाड्याने देतात. बर्फात उभं राहून फोटो काढायला ते उत्तम. स्थानिक माणूस फेरन घालून आत कांगडी धरतो, तेही बसून राहण्यासाठी बिनतोड. पण स्की करणारा माणूस बसून राहत नाही. तो दहा मिनिटं घामाघूम होतो आणि पुढची दहा मिनिटं वाऱ्यात थांबतो. थंडीपेक्षा त्याचा खरा शत्रू म्हणजे स्वतःचा घाम. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. म्हणूनच आपला लाडका सुती बनियन आणि जीन्स तिथे घातक ठरतात. सूत घाम पितं आणि ओलंच राहतं.

लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. हे आपल्याकडे धनगराला कुणी शिकवावं लागत नाही. आषाढातल्या पावसात तो घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभा असतोच. तर अंगाला लागून पातळ लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा कपडा. त्यावर ऊब धरणारा फ्लीसचा किंवा स्वेटरचा थर. सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं, पण घामाची वाफ बाहेर सोडणारं जॅकेट आणि तशीच पँट. वाफ न सोडणारं जॅकेट म्हणजे काय, ते पावसाळ्यात प्लास्टिकचा रेनकोट घालून सिंहगड चढलेल्या कुणालाही विचारा. तीन थरांचा फायदा असा, की हवं तेव्हा एक काढता येतो. माझं गुबगुबीत जॅकेट घातलं तर घाम, काढलं तर हुडहुडी, मधली सोयच नव्हती.

वाऱ्याचाही हिशेब लक्षात घ्या. पारा उणे दहा असताना ताशी तीस किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या कातडीला उणे वीसच्या आसपास वाटतं. आणि वारा पडलेला असला तरी तुम्ही स्वतः तेवढ्या वेगाने उतरता तेव्हा तो लागतोच. जानेवारीच्या पहाटे स्कूटर चालवणाऱ्याला हे ठाऊक आहे. शिवाय हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंशांनी थंडी वाढते. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे आणि केबल कारचा दुसरा टप्पा त्याहून तेराशे मीटर वर जातो. म्हणजे खाली ऊन खात असाल तरी वर वेगळाच ऋतू असतो.

बोटांसाठी पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा एकत्र बोटांचे जास्त ऊब देतात. बोटं बधिर, पांढरी पडली तर बर्फाने चोळू नका, शेकोटीवर किंवा कांगडीवरही धरू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. आडोशाला जा, कोमट पाण्यात बोटं बुडवा, आणि डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यांचं विसरू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, आणि ढगाळ दिवसही सुरक्षित नसतो. डोळे भाजल्याचं काही तासांनी कळतं, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. म्हणून अतिनील किरण अडवणारा गॉगल हवा, आणि हनुवटीखालीसुद्धा सनस्क्रीन हवं, कारण ऊन तिथे खालूनही येतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सामानाने साधत नाही. अफरवाटच्या मोकळ्या उतारांवर हिमस्खलन होतं. २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश आणि २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू मृत्युमुखी पडले. तिथे शोधयंत्र, फावडं, शोधकाठी, ती वापरायचं शिक्षण आणि जाणता वाटाड्या लागतो. नवशिक्याने खालच्या सौम्य उतारावरच राहावं.

दोन हिवाळ्यांनंतर मी पुन्हा गेले. या वेळी मापात बसणारे बूट आणि दोन लोकरीच्या बंड्या बरोबर होत्या; जॅकेट नणंदेच्या मुलाचं, उसनं. स्की देणाऱ्याने वही उघडून विचारलं, ‘मॅडम, वजन?’ मी खरं सांगितलं. सहाव्या दिवशी पुन्हा पडले, पाय वळला, आणि खट् आवाज करून स्की सुटली. मी बर्फात बसून बराच वेळ हसत होते. शिकवणाऱ्याला वाटलं, बाईंना लागलं असावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)