विश्लेषण : खोलीतली रेल्वे मोडली की मागे काय राहते?

मराठवाड्यात ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात, त्यांना ‘आरास’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दोन दिवस आधी पाट, खोकी, जुन्या साड्या काढून डोंगर उभा करायचा, त्यावर हिरवे पेरायचे, खाली विहीर, बैलगाडी, भाजीवाली, आणि घरात असेल तर गोल रुळावर फिरणारी सेलवरची आगगाडी. तिसऱ्या दिवशी सगळे उचलायचे. आगगाडी परत खोक्यात जाते. मॉडेल रेल्वेचा ‘लेआऊट’ याच जातीची गोष्ट आहे. फरक इतकाच की ही आरास तीन दिवसांऐवजी वीस-तीस वर्षे मांडलेली असते, आणि ज्या दिवशी ती मोडते त्या दिवशी तिच्यातले फारसे काही खोक्यात मावत नाही.

हा छंद आपल्याकडे मूठभरांचा. पण मोडलेल्या रेल्वेचा प्रश्न लातूर-नांदेडला परका नाही. आपल्याकडे तर खेळण्यातली नव्हे, खरी छोटी गाडीच रुळांसकट उचलली गेली. म्हणून दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

लेआऊट म्हणजे नेमके काय?

नुसती गाडी आणि रूळ म्हणजे लेआऊट नव्हे. लाकडी चौकटीवर उभारलेला भूभाग, त्यावरचे रूळ, स्थानक, पूल, बोगदे, झाडे, माणसे, आणि खालून गेलेल्या वायरींचे जाळे हे सगळे मिळून लेआऊट होतो. जगात सर्वाधिक चालणारे माप ‘एचओ’ नावाचे आहे. यात प्रत्येक वस्तू मूळच्या ८७ व्या हिश्श्याची असते. साडेपाच-पावणेसहा फुटी माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा, दहा मीटरचा डबा साडेअकरा सेंटिमीटरचा. त्याहून लहान ‘एन’ मापात सगळे १६० व्या हिश्श्याचे असते आणि दोन रुळांमधले अंतर फक्त ९ मिलिमीटर.

इतके लहान करूनही जागा पुरत नाही. लातूर ते मिरज ही जुनी छोटी लाइन सुमारे ३२५ किलोमीटरची होती. तिला ८७ ने भागले तरी पावणेचार किलोमीटर रूळ लागतील. त्यामुळे प्रत्येक छंदिष्टाला निवड करावी लागते. एखादे स्थानक घ्यायचे, एक वळण, एक पूल, आणि बाकी मैलोन्‌मैल रान पडद्यामागे आहे असे मानून चालायचे. लेआऊट चांगला की वाईट हे बहुधा या निवडीत ठरते, इंजिनाच्या किमतीत नाही.

चांगला लेआऊट मोडावा का लागतो?

बहुतेक वेळा कारण अगदी घरगुती असते. घर विकले, मुले दुसऱ्या गावी गेली, मांडणारा वारला. लेआऊट खोलीच्या मापाने बांधलेला असतो, भिंतीला धरून वाढलेला असतो. दारातून अखंड बाहेर काढायचा विचार बांधताना कोणी करत नाही. दुसरी अडचण वायरिंगची. कोणत्या बटणाने कोणता सांधा बदलतो, कोणती तार कुठे जाते, हे बऱ्याचदा एकाच माणसाच्या डोक्यात असते. तो गेला की उभा लेआऊटही मुका होतो.

मोडण्याची एक रीतही ठरलेली आहे. आधी इंजिने आणि डबे उतरवायचे, मग इमारती, दिवे, माणसे. रूळ सांभाळून काढायचे असतील तर त्यांच्यामधली बारीक खडी पाण्याने भिजवतात, कारण ती पांढऱ्या डिंकाने चिकटवलेली असते आणि भिजली की सैल होते. वायरी सरळ कापतात. डोंगर, दऱ्या, नदी हे मात्र प्लास्टर आणि जाळीचे. ते फोडावे लागते आणि कचऱ्यातच जाते. म्हणजे बाजारातून विकत आणलेले ते पुन्हा विकता येते, आणि हाताने घडवलेले तेवढे नाहीसे होते. हा व्यवहार पाहणाऱ्याला जरा उलटाच वाटतो.

यावर उपाय शोधलेला आहे. लेआऊट पहिल्यापासूनच सुटे तुकडे जोडून बांधायचा. प्रत्येक तुकड्याची टोके ठरलेल्या मापाची असली की ते उचलून दुसरीकडे जोडता येतात, दुसऱ्याच्या तुकड्यांनाही जोडता येतात. मात्र त्यात अखंड डोंगररांगेची गंमत थोडी कमी होते.

सर्वात गाजलेला, आता नसलेला लेआऊट कोणता?

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे जॉन ॲलन यांनी घराच्या तळघरात उभारलेला. नावातच विनोद होता. ‘गोरी अँड डिफीटेड’ असे उच्चारले की इंग्रजीत त्याचा अर्थ ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा ऐकू येतो. जमिनीपासून छतापर्यंत गेलेले डोंगर, आरसे लावून दुप्पट भासवलेली जागा, गंज चढलेली इंजिने, काळवंडलेल्या भिंती अशी या लेआऊटची ख्याती होती. तोवर मॉडेल म्हणजे नव्या रंगात चकाकणारी वस्तू असा समज होता. वापरून जुनी झालेली रेल्वे हीच खरी दिसते, हे ॲलन यांच्या छायाचित्रांनी अनेकांना दाखवले. यार्डात डबे ढकलायला इंजिनाऐवजी एक डायनोसॉर ठेवण्याचा खट्याळपणाही त्यांचाच.

ॲलन यांचे जानेवारी १९७३ मध्ये हृदयविकाराने निधन झाले. लेआऊट कसा टिकवायचा याचा विचार मित्रमंडळी करत होती. त्यानंतर दहा-बारा दिवसांतच घराला आग लागली आणि बहुतेक सगळा लेआऊट जळाला. आज पन्नास वर्षांनंतरही तो ओळखला जातो तो केवळ छायाचित्रांमुळे. ॲलन व्यवसायाने छायाचित्रकार होते आणि आपल्या रेल्वेची छायाचित्रे त्यांनी नियतकालिकांतून सातत्याने छापून आणली होती. १९८१ मध्ये त्यांच्या कामावर स्वतंत्र पुस्तकही निघाले.

उलट उदाहरण इंग्लंडचे. जॉन अहर्न यांचा ‘मॅडर व्हॅली’ हा लेआऊट त्यांच्या निधनानंतर ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयाने घेतला आणि जपला. तिथे लेआऊट घेणारी संस्था होती. मॉन्टेरेत ती उभी राहायला वेळच मिळाला नाही.

महाराष्ट्रात असे काही आहे का?

आहे, आणि सुदैवाने उभे आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. सहलीला पुण्याला गेलेल्या मराठवाड्यातल्या अनेक शाळकरी मुलांनी ते पाहिले असेल. दिवे मंदावतात, छोट्या शहरात रात्र होते, आणि गाड्या एकमेकींना वाट देत फिरू लागतात.

पण या संग्रहालयाआधीचा भाग कमी सांगितला जातो. १९८० च्या दशकात जोशी यांनी याच कल्पनेची फिरती प्रदर्शने भरवली होती. एका सभागृहात छोटे शहर मांडायचे, लोकांना दाखवायचे, पुन्हा सुटे करून बांधायचे आणि पुढच्या ठिकाणी न्यायचे. हजारो सुट्या भागांची ही जुळवाजुळव प्रत्येक वेळी पहिल्यापासून करावी लागे. त्या कंटाळवाण्या खटाटोपातूनच कायमच्या जागेचा विचार पक्का झाला. आज कोथरूडला जे उभे आहे, त्याच्या मागे असे अनेक मोडलेले लेआऊट आहेत. ज्यांनी ती प्रदर्शने लहानपणी पाहिली, त्यांच्यासाठी ती फक्त आठवणीत आहेत.

लातूरच्या छोट्या गाडीचा याच्याशी काय संबंध?

संबंध दोन बाजूंनी आहे. एक म्हणजे बार्शी लाइट रेल्वे ही स्वतःच एक ‘मॉडेल’ होती, नमुना या अर्थाने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता आधी जीआयपी रेल्वेत होता. जिथे मोठी रेल्वे परवडत नाही तिथे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट रुंदीची हलकी लाइन टाकावी, असा त्याचा आग्रह होता. त्याचे सूत्र साधे होते. इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, आणि तरीही माल भरपूर जातो. पोलादी पत्रा दाबून घडवलेले डबे आणि वाघिणी लीड्सच्या कारखान्यात तयार झाल्या. भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरता रूळ टाकून त्या जाणकारांना चालवून दाखवल्या गेल्या. म्हणजे बार्शीच्या गाडीचाही पहिला ‘लेआऊट’ इंग्लंडमध्ये मांडला गेला आणि काम झाल्यावर गुंडाळला गेला.

१८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाइन सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतल्या लातूरला, आणि १९२७ मध्ये मिरजेला. लातूरच्या बाजारपेठेला बाहेरचा रस्ता मिळाला तो या अडीच फुटांतून. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. दरम्यान कॅलथ्रॉपने बार्शीचाच अनुभव घेऊन इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही सुमारे १३ किलोमीटरची छोटी लाइन १९०४ मध्ये उभी केली. ती १९३४ मध्ये बंद पडली आणि तिच्या वाटेवर आज लोक पायी आणि सायकलने फिरतात. पण तिची मॉडेले तिथे आजही बांधली जातात. तेरा किलोमीटर, तीस वर्षे, आणि तरी तिचे इंजिन, डबे, स्थानके यांचे नकाशे तिथल्या छंदिष्टांच्या हाताशी आहेत. तिची थोरली बहीण ३२५ किलोमीटरची आणि शंभर वर्षांवर चाललेली. तिचे मॉडेल बांधायचे म्हटले तर सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न पडतो.

ती गाडी उचलली, हे चुकले का?

नाही. इथे भावना बाजूला ठेवायला हव्यात. लातूर-उस्मानाबाद टप्पा २००७ मध्ये आणि पुढे कुर्डुवाडीपर्यंतचा २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. जुनी लाइन उस्मानाबादला वगळून येडशीवरून जायची. नवी लाइन शहराला घेऊन आली. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलेले असताना मिरजेहून पाण्याची ‘जलदूत’ याच वाटेने आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. पाच टनांच्या मर्यादेत चालणाऱ्या छोट्या गाडीला हा भार पेलला नसता. नांदेडचेही तसेच. मनमाड-नांदेड मीटरगेज १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली नसती, तर २००३ मध्ये नांदेडला रेल्वेचा स्वतंत्र विभाग झाला असता का, याचा विचार करावा.

चुकले असेल तर ते दुसरीकडे. लाइन उचलताना तिची मापे टिपून ठेवण्याची निकड कोणाला वाटली नाही. फलाट किती उंच होता, तिकीट खिडकीची कमान कशी होती, पाण्याची टाकी कोणत्या बाजूला, आषाढीला पंढरपूरकडे निघालेल्या गाडीला किती डबे जोडत, या गोष्टी त्या गाडीने रोज गेलेल्यांना ठाऊक आहेत. त्यातली बरीच माणसे आता सत्तरीपुढची आहेत.

मग मॉडेल बांधायचे तर काय लागेल?

रुंदीचा प्रश्न आश्चर्यकारकपणे सोपा आहे. ७६२ ला ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात मिळणाऱ्या ‘एन’ मापाच्या रुळांची रुंदी ९ मिलिमीटर. म्हणजे रूळ एन मापाचे आणि बाकी सगळे एचओ मापाचे घेतले की आपली छोटी गाडी बसते. जगभरात अरुंद लाइनचे मॉडेल याच युक्तीने करतात. नांदेडच्या जुन्या मीटरगेजसाठी १२ मिलिमीटरचे रूळ चालतात. गंमत म्हणजे आपल्या ब्रॉडगेजलाच अडचण आहे. तिला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत आणि दुकानात साडेसोळाचेच मिळतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या रुंदीवरून ठरलेले आहेत.

इंजिन आणि डबे मात्र हातानेच घडवावे लागतील. त्यासाठी बाजूने, समोरून, वरून घेतलेली छायाचित्रे लागतात, आणि छायाचित्रात मापासाठी काहीतरी ओळखीचे, म्हणजे माणूस, सायकल, दुधाची कॅन. लग्नाच्या वऱ्हाडाचा फलाटावर काढलेला फोटो इथे अभियंत्याच्या नकाशाइतका उपयोगी पडतो. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना, जो याच छोट्या लाइनसाठी उभा राहिला, आजही चालू आहे. जुन्या नकाशांची चौकशी तिथून सुरू करता येईल.

जागेचे म्हणाल तर एक जुने स्थानक, एक वळण आणि पुलाचे दोन गाळे साडेसात फूट लांबीच्या फळीवर बसतात. त्याच फळीच्या मागच्या बाजूला ब्रॉडगेज टाकून जलदूत दाखवायची असेल, तर पन्नास वाघिणींची गाडी या मापात सात मीटर होते. ती एका भिंतीला मावणार नाही. दहा वाघिणींची पहिली खेप मात्र इंजिनासकट दोन मीटरच्या आत बसते.