नेगी-मिसो : झोंबरा दांडा गोड का लागतो?

जपानमध्ये गरम भातावर 'नेगी-मिसो' नावाचे खारट-गोड तोंडीलावणे घेतात. नेगी हा आपल्या पातीच्या कांद्याचा लांब दांड्याचा भाऊबंद. त्याच्या बुंध्याला मातीची भर देत गेल्याने, उजेडाअभावी दांडा पांढरा राहतो.

नेगीचे दोन दांडे बारीक चिरून चमचाभर तिळाच्या तेलात मंद आचेवर परतावेत. चिरताना पेशी फुटतात. एरवी वेगवेगळे राहणारे गंधकयुक्त पदार्थ आणि विकर एकत्र येतात व झोंबणारी द्रव्ये बनतात. उष्णतेने विकर निकामी होते, झोंबणारी द्रव्ये बरीचशी उडून जातात. मग आधीपासून असलेली साखर जिभेला कळते! विद्यार्थ्यांना कारण सांगण्यापूर्वी कच्चा आणि परतलेला तुकडा चाखू द्यावा, असे आम्हाला वाटते.

आता चार चमचे मिसो, दोन चमचे साखर व थोडे पाणी घालून घट्ट होईपर्यंत ढवळावे; थांबलात तर करपते. मिसोत मीठ पुष्कळ असते, वेगळे घालू नये.

मिसो म्हणजे शिजवलेले सोयाबीन, मीठ आणि 'कोजी' महिनोन्‌महिने मुरवलेला लगदा. कोजी म्हणजे अस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवलेला भात. तिची विकरे प्रथिने तोडतात, त्यातून ग्लुटामिक आम्ल सुटते. किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशैवालातून हेच आम्ल वेगळे करून त्याच्या चवीला 'उमामी' नाव दिले.

मात्र शिळ्या भातावर आपोआप आलेली बुरशी कोजी म्हणून कधीही वापरू नये. शेंगदाण्यावर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी अस्परजिलस फ्लेवस हिची अगदी जवळची नातलग आहे, आणि नुसत्या डोळ्यांना दोघींतला फरक कळत नाही.