यंत्र आंबा हुंगतं तेव्हा

आढी घालून आठवडा झाला की घरातलं जाणतं माणूस गवत सारून, आंबा नाकाशी नेऊन सांगतं, "हा आज खा, तो परवा." हीच पारख इलेक्ट्रॉनिक नाक कशी करतं, ते पाहू.

आंबा झाडावरून उतरवल्यावरही पिकतो. त्यासाठी लागणारा इथिलीन हा वायू तो स्वतःच तयार करतो. पिकताना त्याचा वास पालटतो. कच्च्या हापूसच्या वासात टर्पीन जातीची रसायनं ठळक असतात. पिकताना त्यांत लॅक्टोन आणि फ्युरॅनोनची भर पडते. हापूसचा गोड दरवळ तो हाच.

हा वास टिपायला इलेक्ट्रॉनिक नाकात बहुधा टिन ऑक्साइडचे इवले सेन्सर असतात. ते शेकडो अंश सेल्सिअसला तापवलेले असतात. तापल्या थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, म्हणून वीज कष्टाने वाहते. फळाच्या वासातले रेणू त्या ऑक्सिजनशी संयोग पावले की इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध घटतो. यंत्राला कळतो तो एवढाच आकडा.

अडचण अशी, की एक सेन्सर अनेक रसायनांना दाद देतो. म्हणून वेगवेगळ्या धाटणीचे सेन्सर शेजारी शेजारी बसवतात. प्रत्येकाचा प्रतिसाद निराळा. सगळ्यांचा मिळून त्या वासाचा ठसा उमटतो. ही कल्पना 1982 मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातल्या पर्सॉड आणि डॉड यांनी मांडली. आपलं नाकही साधारण असंच चालतं.

मोजणी सोपी असते. आधी सेन्सरवरून स्वच्छ हवा सोडून मूळ रोध नोंदवतात. मग बंद डब्यात ठेवलेल्या आंब्याभोवतीची हवा सोडतात आणि शेवटी पुन्हा स्वच्छ हवेने सेन्सर धुतात.

खरी मेहनत शिकवणीची. वास घेतलेला प्रत्येक आंबा कापून त्याचा गर किती घट्ट, रस किती गोड हे मोजतात आणि त्या ठशाला 'कच्चा', 'पाडाचा', 'पिकलेला' अशी नावं देतात. अशा पुष्कळ जोड्या पाहून संगणक नव्या आंब्याचा अंदाज बांधतो. दमट हवेने आणि वयाने सेन्सरचे आकडे सरकतात, त्यामुळे उजळणी अधूनमधून लागतेच. हापूसवर शिकलेल्या यंत्राला केसरसारख्या दुसऱ्या जातीसाठी धडा नव्याने द्यावा लागतो.

यंत्र न थकता हजार पेट्या हुंगेल. पण पिकलेला आंबा म्हणजे काय, हे त्याला आधी माणसानेच सांगावं लागतं.