इंजिनाचा ब्लॉक आणि गंज

आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला लोखंड नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. तेथे लोखंडी नांगर होऊ लागले. सातारा रोडला कूपरांच्या कारखान्यात नांगर झाले, पुढे डिझेल इंजिनेही झाली. आता पुष्कळ विहिरींवर विजेची मोटर आली आहे, तरी इंजिन काही गेलेले नाही.

इंजिन फार धूर मारू लागले, तेल पिऊ लागले, की ते खोलावे लागते. ब्लॉक बोअर करून आणावा लागतो. त्याला पैसा पडतो. मग मिस्त्री काय करतो? ब्लॉक डिझेलने धुतो, चिंधीने पुसतो आणि लगेच पिस्टन घालतो. इथेच घात होतो.

बोअर घासताना घासायच्या दगडाची बारीक पूड निघते. ती लोखंडाच्या ओरखड्यांत रुतून बसते. डिझेलने तेलकटपणा जातो, पण पूड सगळी निघत नाही. इंजिन चालू झाले की हीच पूड नव्या रिंगा कानसीसारखी खाते.

म्हणून आम्ही सांगतो, ब्लॉकला गरम पाणी आणि साबणच पाहिजे. बेअरिंगे आधी काढून ठेवावीत. ब्रशने बोअर खसाखसा घासावा. तेलाच्या भोकांतूनही बारीक ब्रश फिरवावा. मग बोअरमधून पांढरे फडके फिरवून बघावे. जुने धोतर याला फार चांगले. फडके काळे निघाले तर पुन्हा धुवावे. पांढरेच राहिले, तर बोअर साफ झाला.

आता खरी घाई करायची. उघड्या लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतो. पाटण-जावळीच्या पावसाळी हवेत एका रात्रीतही तो दिसतो. तेव्हा ब्लॉक लगेच कोरडा करावा आणि इंजिनाचे स्वच्छ तेल हाताने सगळीकडे चोळावे. तेलाच्या थरामुळे पाणी लोखंडाला लागत नाही. त्यानंतर घामाचा हात लावू नये. घामात मीठ असते.

सुटे सामान यायला कधी आठवडा लागतो. तोवर ब्लॉक फळीवर ठेवावा, ओल्या जमिनीवर नको. वर गोणपाट टाकू नये, ते ओल धरते. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा, पण ब्लॉक पुरता सुकल्यावरच. तरी तांबूस छटा आली, तर तेल लावून बारीक पॉलिश-कागदाने पुसावी आणि ब्लॉक पुन्हा साबणाने धुवावा, कारण त्या कागदाचीही पूड पडतेच. गंजाने खड्डे पडले असतील, तर मात्र पिस्टन घालण्याआधी जाणत्या फिटरला दाखवावे.